सिस्टरनं डॉक्टरांनी लिहिलेली गोळी अडवायची का?

पूर्वभागकर: वडील सोलापुरातल्या एका खासगी दवाखान्यात आहेत. हृदय कमजोर, डिगॉक्सिन चालू. काल रात्री सिस्टरनं घड्याळ लावून मिनिटभर नाडी मोजली, ५२ भरली, आणि गोळी परत ट्रेमध्ये. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय देणार नाही." डॉक्टर ओटीत, दोन तास गेले. एमडीनं लिहिलेलं तीन वर्षं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स केलेली पोरगी अडवते?

जुनी_सिस्टर: बरोबर केलं तिनं. डिगॉक्सिननं ठोके मंदावतात. मोठ्या माणसाची नाडी ६० च्या खाली असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं, हे आम्हाला शिकतानाच घोकून घेतात. डॉक्टरांनी सकाळच्या राउंडला लिहिलं. रात्रीची नाडी तिच्या बोटाखाली होती.

टेरीटॉवेल: थांबा बाई. माझ्या आत्याला २० युनिट इन्सुलिन लिहिलं होतं. बाटली १०० ची, म्हणजे एका एमएलमध्ये १०० युनिट; सिरिंज लाल टोपीची, म्हणजे ४० ची, एका एमएलला ४० युनिट धरणारी. २० च्या रेघेपर्यंत भरलं की अर्धा एमएल, म्हणजे ५० युनिट गेले! दोनला घामानं गादी ओली, हाक मारली तर ओ देईना. ग्लुकोज लावलं म्हणून वाचली. टोपीचा रंग कळत नाही आणि डॉक्टरांवर शंका घ्यायची? लिहिलंय तेवढं द्या की!

जुनी_सिस्टर: लिहिलेलं २०च होतं ना भाऊ? म्हणजे घोटाळा माहिती कमी पडल्यानं झाला, आणि तुम्ही सांगताय डोकं चालवू नका. इन्सुलिन दुसऱ्या सिस्टरला दाखवूनच टोचावं. पोटॅशियम क्लोराईड तर थेट शिरेत कधीच ढकलायचं नाही, सलाईनमध्ये मिसळून हळू सोडायचं; नाहीतर हृदय बंद पडतं. कुणी घाईत "दे पटकन" म्हणालं तरी नाही.

गड्ड्याची_गर्दी: एका सिस्टरकडं तीस पेशंट, त्यात दुसरी कुठनं आणायची बे? पुस्तकातलं बोलणं सोपं आहे.

जुनी_सिस्टर: हे मात्र खरं, रात्रपाळीला मीही एकटी असायचे. पण नाव विचारायला दुसरी लागत नाही. आमच्या वॉर्डात एकदा दोन सिद्धाराम होते. "सिद्धाराम ना?" म्हटलं की दोघंही मान हलवायचे, एकाला तर कानडीशिवाय काही कळत नव्हतं. तेव्हापासून "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणायचं आणि केसपेपरशी ताडून बघायचं.

पूर्वभागकर: डॉक्टर आले. ईसीजी काढला, गोळी बंद केली, रक्त तपासायला पाठवलंय. तरी दोन तास जास्तच झाले.

जुनी_सिस्टर: झालेच. ड्युटीवरच्या आरएमओला, म्हणजे निवासी डॉक्टरला, लगेच बोलवायला हवं होतं तिनं.