जंगल बघायला गेलात आणि शेतात रमलात? ग्रुप टूरचे अनुभव सांगा

गोदाकाठ
आज सकाळी सारासाठी मिरी कुटायला घेतली आणि बरणी संपली. तळाला आप्पांच्या (सासऱ्यांच्या) अक्षरातली चिठ्ठी निघाली, 'शिरसी, १ किलो'. गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. आप्पांना जाऊन येत्या महिन्यात वर्ष होईल. म्हणून हा धागा.

२०२२ चा श्रावण. नाशिकहून ३४ जण, एक बस, आठ दिवस. कर्नाटकातलं शिरसी, याण, मग आगुंबे, शृंगेरी. आप्पा दिंडोरीकडचे द्राक्षवाले, वय ७३. ऑक्टोबर छाटणीला अजून वेळ होता, म्हणून आले. पहिले दोन दिवस गप्पच होते. सिद्दापूर तालुक्यात कत्तलेकान म्हणून जंगल आहे, कत्तले म्हणजे काळोख. खरोखर भर दुपारी दिवेलागणीसारखं वाटतं. तिथं रानजायफळाची झाडं पाणथळीत उभी असतात आणि मुळं गुडघे वर काढून बसल्यासारखी चिखलाबाहेर येतात, श्वास घ्यायला. आम्ही सगळे फोटो काढतोय. आप्पांनी मात्र ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला, आणि गाईडला विचारलं, "हे पाणी खाली कुणाच्या शेताला जातं?"

गाईडदादा दुसऱ्या दिवशी आम्हाला सुपारीच्या बागेत घेऊन गेले. हव्यक (तिथला बागायतदार ब्राह्मण समाज) कुटुंब, दरीच्या तळाशी बाग. सुपारीवर मिरीचे वेल चढवलेले, खाली वेलदोडा, मधे केळी. बागेच्या वरच्या उतारावर राखलेलं रान, त्याला बेट्टा म्हणतात. तिथला पाला तोडून बागेत अंथरायचा. त्या जिल्ह्यात एकरभर बागेमागे नऊ एकरांपर्यंत बेट्टा वापरायचा हक्क इंग्रजांच्या काळापासून चालत आलाय. झाड तोडायचं नाही, फांद्या छाटून पाला घ्यायचा.

त्या दिवशी पावसानं उघडीप दिली होती आणि बागायतदार सुपारीच्या घडांवर फवारायला औषध कालवत होते. निळं. आप्पा लांबूनच म्हणाले, "बोर्डो आहे." बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीवरचं औषध. आप्पांना कन्नड येत नाही, त्या काकांना मराठी नाही. आप्पांनी कट्ट्यावरची लोखंडी सुरी उचलली, पुसली, पिंपात बुडवून थोडा वेळ धरली. बाहेर काढली तर पात्यावर तांबूस थर, म्हणजे चुना कमी पडलाय. आप्पांनी पातं त्यांच्यापुढे धरलं आणि चुना चोळल्यासारखी चिमूट केली. ते काका मोठ्यांदा हसले, "सुण्णा, सुण्णा!" आणि आत जाऊन आणखी चुन्याची निवळी घेऊन आले. पुन्हा सुरी बुडवली. स्वच्छ निघाली.

मग दोघं तास-दीड तास तिथंच. एक सुपारी दाखवतोय, दुसरा मोबाइलवर आपली बाग दाखवतोय. बस थांबवावी लागली. निघताना त्या काकांनी ही मिरी दिली, पैसे घेतले नाहीत.

तुम्ही अशा कुठल्या टूरला गेला असाल, जंगल आणि गावं दोन्ही असतील, तर लिहा. कसंही लिहा.

सातपूरवाली
जळवा!!! तेवढंच आठवतं मला आगुंब्याचं. मोज्यांना तंबाखूचं पाणी लावलेलं, तरी चार.

निफाडकर
ताई, डोळ्यांत पाणी आलं. सुरीची ती परीक्षा माझ्या वडिलांनी मला दहाव्या वर्षी शिकवली. आता पीएचचा कागद मिळतो, पण वडील अजून विळाच बुडवतात. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगळं भिजवायचं, धातूच्या भांड्यात नाही, आणि त्याच दिवशी वापरायचं. आपल्याकडे द्राक्षांवरच्या डावणीला (बुरशीचा रोग), त्यांच्याकडे सुपारीच्या कोळे रोगाला. पावसात घड सडून गळतात त्याला ते कोळे म्हणतात. मी गेलोय शिरसीला, आमच्या गटाच्या अभ्यास दौऱ्यात. माणूस झाडावर चढून वर पट्टीवर बसतो, खाली दुसरा पंप हलवतो. आणि वरचा माणूस खाली न उतरता झाड झुकवून पुढचं झाड पकडतो. माझ्या पोटात गोळा आला होता ते बघताना. त्यांच्याकडेही आता चढणारी माणसं मिळत नाहीत, हे ऐकून आपलंच घर आठवलं.

२०१९ ला ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसानं आमची बाग गेली होती. पोंगा अवस्थेत (कोवळी फूट निघताना) फवारे मारून मारून हात निळे. त्यानंतरचा तो दौरा. दुसऱ्या मुलखातला माणूसही आभाळाकडे तसाच बघतो हे पाहिलं आणि बरं वाटलं. लिहून सांगता येत नाही नीट.

सातपूरवाली
निफाडकर दादा, २०१९ आमच्या माहेरीही तसंच. ओझरजवळ. भावानं पुढच्या वर्षी बाग काढली.

निफाडकर
वाईट वाटलं. आता काय लावलंय?

सातपूरवाली
टोमॅटो आणि मका. पिंपळगावला नेतो. बरं चाललंय.

मंगला एक्सप्रेस
आमचा केरळातल्या सायलेंट व्हॅलीचा अनुभव. नाशिकरोडला मंगला पकडली की थेट शोरनूर, मधे बदलायची गरज नाही, म्हणून नाव हे घेतलंय. 🙂 शोरनूरहून मुक्कालीला. तिथून पुढं स्वतःची गाडी नेता येत नाही, वनखात्याच्या जीपनं २३ किलोमीटर आत सैरंध्रीपर्यंत. हो, आपलीच सैरंध्री, विराटाच्या घरची. पांडव इथं राहिले होते असं तिथले लोक सांगतात. खाली कुंतीपुळा नदी. याच नदीवर धरण व्हायचं होतं. शास्त्रज्ञ, कवी, शिक्षक, गावोगावची माणसं उभी राहिली आणि ते थांबलं, १९८४ ला राष्ट्रीय उद्यान झालं. आमच्याबरोबरचा वाटाड्या जवळच्याच आदिवासी वस्तीतला. टॉवरवर त्याला म्हटलं, सिंहपुच्छ वानर दिसेल का? तो म्हणाला, आधी फळ बघा. काटेरी फळांचं एक झाड दाखवलं, त्याच्यावर नजर ठेवून बसायला लावलं. चाळीस मिनिटं कुणीही बोललं नाही, आमच्यातली साडेचार वर्षांची नात सुद्धा. मग आली ती. आयाळीसकट. एका मादीच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं.

माझ्या मिसेसनी तेवढ्या वेळात हात धरून ठेवला होता. लग्नाला ४१ वर्षं झाली होती तेव्हा.

कॉलेजरोड ७
वा काका, शेवटची ओळ 😍

आलेपाक
मला घाटात बस लागते हो. आगुंब्याचा घाट कसा आहे? आईला न्यायचंय, गुडघे दुखतात. आणि टॉयलेटचं काय?

गोदाकाठ
@आलेपाक चौदा नागमोडी वळणं आहेत. पुढच्या सीटवर बसा, आलेपाक आणि आवळासुपारी जवळ ठेवा, रिकाम्या पोटी चढू नका. आईंसाठी: जंगलातल्या वाटा निसरड्या असतात, काठी हवीच, पण शेतघरी सगळी सोय होती. पाऊस हवाच असेल तर तयारीनं जा. वर्षाची सरासरी ७,००० मिलिमीटरच्या वर आहे. आपल्या नाशिक शहरात ७०० च्या आसपास पडतो. छत्री उपयोगाची नाही, रेनकोट घ्या.

जुने सिडको
अप्पेमिडी लोणचं!! कुणी नावच घेतलं नाही. बाळकैरीचं, अख्खी कैरी. तोंडात टाकली की आधी मोहोराचा वास येतो. आणि तोडदेव. उसाचा रस आणि तांदळाचं पीठ, उपडं मडकं चुलीवर तापवून त्याच्या पाठीवर फडक्यानं फिरवायचं, कागदासारखं सुटतं. मी त्या आजींच्या शेजारी बसून तीन केले, तिन्ही फाटले, त्यांनी तेच तुपाबरोबर मला खायला दिले. आम्ही नाशिकचा चिवडा नेला होता, तो त्यांच्या नातवंडांनी जागेवर संपवला.

सातपूरवाली
लोणचं नाशकात मिळतं का कुठं

जुने सिडको
मला नाही सापडलं अजून. मी मागवते बहिणीकडून, हुबळीला असते. सांगते तुला.

कॉलेजरोड ७
आमचा वायनाडचा. २०२१ डिसेंबर, कल्पेट्ट्याजवळ, बारा जणांचा ग्रुप. कॉफी तोडायला दिली आम्हाला. लाल तेवढीच तोडायची, हिरवी ठेवायची. एक मावशी आमच्या डब्यातून हिरवी वेचून न बोलता बाजूला ठेवत होत्या. संध्याकाळी गंधकसाल तांदळाचा भात, घरभर वास. आपल्या इंद्रायणीसारखा पण दाणा बारीक. त्या घरातल्या मुलीशी माझी मैत्री झाली, अजून दिवाळीला फोन असतो.

३० जुलै २०२४ ला सकाळी वायनाडमध्ये मुंडक्कई-चूरलमलाला दरड कोसळल्याची बातमी बघितली तेव्हा हात थरथरत होते. फोन लागत नव्हता. दुपारी तीनला तिचा मेसेज आला, 'वी आर सेफ', पुढं काहीच नाही. तिचे ओळखीचे गेले त्यात. मी त्याच दिवशी देवापुढं बसले आणि लक्षात आलं, माळीणची तारीख पण ३० जुलै, २०१४. बरोबर दहा वर्षं.

गोदाकाठ
अगं 🙏 तिला आमच्याकडूनही सांग.

मंगला एक्सप्रेस
माळीणला मी मदतीच्या गाडीबरोबर गेलो होतो. शाळा उभी होती, बाकी गाव नव्हतं. डोंगर उतारावरचं काहीही आता मला सहज बघवत नाही. ब्रह्मगिरीच्या कडेनं जेसीबी दिसला तरी पोटात कालवतं.

सुरगाण्याचा
वाचतोय सकाळपासून. मी दुसऱ्या बाजूचा. आमचा पाडा सुरगाणा तालुक्यात, आता नोकरीमुळं नाशकात. पावसाळ्यात भिवतास धबधब्याला गाड्या येतात, काही टूरवाले पाड्यावर पण आणतात, 'आदिवासी शेती' दाखवायला. एकदा एका ग्रुपनं आजी नागली लावत असताना तिच्या अगदी तोंडासमोर कॅमेरा धरला. तिनं पदर ओढून घेतला तरी फोटो काढले. कुठली कंपनी ते सांगत नाही. आजी त्या दिवशी जेवली नाही नीट.

आणि दुसऱ्याच आठवड्यात एक पंधरा जणांचा ग्रुप आला. त्यांच्या ताईंनी आधी आदल्या दिवशी येऊन विचारलं, येऊ का, किती वाजता, काय आणू. लोक बांधावर बसले. आजीनं सांगितलं राब कसा भाजतात (रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा जाळतात तो), रोप का उपटून पुन्हा लावतात, वरई कुठल्या उताराला. एका काकूंनी साडी खोचली आणि चिखलात उतरून दोन तास लावणी केली, ओळ वाकडी गेली तर आजी टोकायची. निघताना आजीनं त्यांना भाकरी आणि उडदाचं भुजं बांधून दिलं. आजी अजून विचारते, ती साडीवाली कधी येणार.

लांब जा, जरूर जा. शिरसी मलाही बघायचंय. पण विचारून जा एवढंच.

जुने सिडको
दादा, आजींना नमस्कार. आम्हीही कधीतरी न विचारता फोटो काढलेत. यापुढं नाही.

निफाडकर
सुरगाणेकर, बोरगाव घाटमाथ्याची स्ट्रॉबेरी तुमच्याकडचीच ना? डिसेंबरात रस्त्यावर घेतो आम्ही. राबाबद्दल अजून लिहा ना सवडीनं. वेगळा धागा काढा.

सुरगाण्याचा
काढतो. आजीला विचारून.

लेकीकडे
मी लेकीकडे अमेरिकेत असताना कोस्टारिकाची दहा दिवसांची टूर केली. सगळे परके, मी एकटीच साडी-पंजाबीवाली. मॉन्तेव्हेर्देचं ढगांचं जंगल, झाडाच्या फांदीवर शेवाळ, शेवाळावर ऑर्किड, सगळं टपटप गळतंय. पण मला आवडलं ते कोकोचं शेत. फूल थेट खोडावर येतं, नखाएवढं. शेंग फोडली की आत पांढरा गर, सीताफळासारखा. बिया पाच-सहा दिवस झाकून आंबवतात तेव्हा कुठं चॉकलेटचा वास येतो. शाकाहारी म्हणून मला सकाळ-संध्याकाळ काळा घेवडा आणि भात, गाल्यो पिंतो म्हणतात. तक्रार नाही, तूप हवं होतं फक्त. तिथला शेतकरी सांगत होता, त्याच्या बापानं गुरांसाठी जंगल कापलं, आता त्याच जमिनीवर झाडं राखायचे सरकार पैसे देतं, १९९७ पासून. त्यानं लावलेल्या झाडाला हात लावून बघितलं मी.

आलेपाक
काकू एकट्या! आईला वाचून दाखवते.

कॉलेजरोड ७
शिरसीवाल्यांनी अप्पिकोबद्दल ऐकलं का तिथं?

गोदाकाठ
हो, राहिलंच. शिरसीजवळच्या सालकणीच्या लोकांनी सप्टेंबर १९८३ मध्ये झाडांना मिठ्या मारून तोड थांबवली होती, चिपकोसारखी. अप्पिको म्हणजे कवटाळा. गाईडदादांनी सांगितलं तेव्हा आप्पा उठले आणि शेजारच्या झाडाला दोन्ही हात घातले. पुरले नाहीत. दुसऱ्या बाजूनं ते बागायतदार काका आले, तरीही बोटं लागेनात. मग मी तिसरी. तो फोटो हॉलमध्ये लावलाय.

निफाडकर
🙏

जुने सिडको
गोदाकाठ, मिरी संपली म्हणालीस ना. माझ्याकडे हुबळीच्या बहिणीनं पाठवलेली पाव किलो आहे, शिरसीचीच. शनिवारी येतेस का? डीजीपीनगरच्या बाजूला, मारुती मंदिरासमोर.

गोदाकाठ
येते. बरणी धुऊन वाळत घातलीय. चिठ्ठी आत परत ठेवायची आहे.