कुपवाड-मिरजेतले कारखाने डिजिटल व्हायला तयार आहेत का? माझ्या मते आधी शिफ्टचं रजिस्टर तपासा

मिरजेचा प्लॅनर (धागाकर्ता)

एमआयडीसीत कुठल्याही बैठकीला जा, 'इंडस्ट्री ४.०' आणि 'रेडीनेस असेसमेंट' हे शब्द ऐकू येतातच. म्हणजे डिजिटल तंत्रज्ञान घेण्याआधी कारखान्याची तयारी किती आहे, ते गुण देऊन ठरवायचं. जर्मनीच्या अकाटेक या तंत्रविज्ञान अकादमीने २०१७ मध्ये यासाठी सहा पायऱ्या मांडल्या. संगणक आले, ते जोडले गेले, काय चाललंय ते दिसू लागलं, का चाललंय ते कळलं, पुढे काय होईल याचा अंदाज आला आणि शेवटी यंत्रणा आपणहून जुळवून घेऊ लागली. सिंगापूरच्या आर्थिक विकास मंडळाने त्याच वर्षी १६ बाबींचा निर्देशांक काढला, प्रत्येक बाबीला शून्य ते पाच.

अशी तपासणी आपल्याकडे व्हायलाच हवी. पण आपल्याकडे ती मशिनं मोजून होते. सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी मशिनं) किती, व्हीएमसी (त्यातलीच उभ्या स्पिंडलची) किती, ईआरपी (सगळ्या कारभाराचं सॉफ्टवेअर) घेतलंय का. यातून तयारी कळत नाही.

तयारी कळते मशिनशेजारी लटकवलेल्या तासवार उत्पादनाच्या कागदावरून. तो शिफ्ट संपता संपता बघा. सगळे रकाने एकाच पेनाने, एका दमात भरलेले. १२, १२, १२, ११, १२. मशिन बंद राहिल्याचा रकाना कोरा. इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) तुटला, फीडर ट्रिप होऊन वीज गेली, कास्टिंग (ओतीव माल) उशिरा आलं, यातलं तिथे काही नाही. उद्या त्याच मशिनला सेन्सर लावला तर सेन्सर एक सांगणार आणि कागद दुसरं. मालक मानणार कोणाचं? हा प्रश्न मी पाहिलेल्या एकाही प्रश्नावलीत नव्हता.

एक हिशोब मांडतो. जेवण-चहा सोडून शिफ्ट ४५० मिनिटांची. सेटिंगला, म्हणजे नव्या जॉबसाठी मशिन लावायला, ६० गेली, माल नव्हता म्हणून ३०. मशिन चाललं ३६० मिनिटं, म्हणजे ८० टक्के. सायकल टाइम (एका जॉबला, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ) चार मिनिटं, म्हणजे ९० जॉब निघायला हवेत, निघाले ८१. हे झाले ९० टक्के. त्यातले ४ रिजेक्ट, म्हणजे ९५ टक्के चांगले. तिन्हींचा गुणाकार ६८ टक्के, हाच ओईई, म्हणजे मशिनची एकूण परिणामकारकता. 'आमची मशिनं नव्वद टक्के चालतात' असं सांगणाऱ्याकडे हे तीन आकडे वेगवेगळे मागून बघा.

एका मशिनची महिनाभर खरी नोंद ठेवून दाखवणारा कारखाना मी तयार मानतो. बाकीचे गुण नंतर.

कुपवाडचा जॉबवर्कवाला

मला हे पटत नाही, स्पष्टच लिहितो. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं जीएसटी बिल) सक्तीचं झालं. तेव्हा आमची तयारी कोण तपासायला आलं होतं? कायदा आला, अकाउंटंटने चार दिवसांत शिकून घेतलं, काम सुरू. गरज पडली की छोटा कारखानदार शिकतोच.

आमची अडचण पैशाची आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाचं पेमेंट ४५ दिवसांच्या आत द्यायचा कायदा आहे. कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून त्याला आयकराची अट जोडलीय (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)), म्हणजे मुदतीत दिलं नाही तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजा करता येत नाही. तरी माझे पैसे तीन-तीन महिन्यांनी येतात. पुढच्या महिन्याचं शेड्यूल हातात नसताना सेन्सर कशाच्या जोरावर घेऊ? आणि ६८ चे ८० टक्के झाले तरी त्या जादा जॉबला ऑर्डर कुठाय?

लेथमास्तर

कागद खोटा का भरला जातो ते कोणीच लिहीत नाही. खरं लिहिलं की बोलणी बसतात, म्हणून.

मी होतो त्या एका कारखान्यात मशिनवर टॅब बसवला होता. मशिन थांबलं की कारणाचं बटण दाबायचं. बटणं कोणती? ऑपरेटर जागेवर नाही, सेटिंगला उशीर, टूल बदल, मोजमाप चुकलं. माल आला नाही, ड्रॉइंग बदललं, क्रेन मोकळी नाही, पहिल्या जॉबवर क्वालिटीची सही मिळेना, यांना बटणच नाही. बोट कुठं ठेवायचं सांगा? सगळी पोरं 'टूल बदल' दाबायला लागली. महिन्याने वर विचारणा झाली, टूलचा खर्च एवढा का दाखवतोय.

प्लॅनरदादा, रजिस्टर खरं पाहिजे असेल तर पहिल्यांदा खरं लिहिणाऱ्याला अभय द्या. नाहीतर मशिनबी खोटंच बोलणार.

मिरजेचा प्लॅनर

मास्तर, बटणांची यादी ऑपरेटरसोबत बसूनच व्हायला हवी, शंभर टक्के मान्य.

कुपवाडकर, ई-इन्व्हॉइस पोर्टलवर तपासलं जातं, चुकलं तर आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, मिळत नाही. शॉपफ्लोअरच्या नोंदीला असा कोणी तपासणारा नाही, म्हणून ती आपणच तपासायची. आणि ऑर्डर वाढली नाही तरी आहे तेवढंच काम ओव्हरटाइम न लावता निघतं. कोटेशन देताना तर फरक पडतोच. सेटिंगची ६० मिनिटं कुठेच लिहिलेली नसतील तर लहान लॉटचा दर आपण अंदाजाने देतो आणि तोटा वर्षअखेरीला कळतो.

विट्याचा मागवाला

तुम्ही सगळे सीएनसीवर बोलताय. आमचे साधे माग. १६ बाबींची प्रश्नावली भरली तर बहुतेक ठिकाणी शून्य येणार. शून्य मिळालेला माणूस परत त्या वाटेला जात नाही. मागाच्या शाफ्टजवळ एक प्रॉक्सिमिटी सेन्सर (जवळून धातू गेला की ओळखणारा) लावला की फेरे मोजता येतात. फेऱ्यांवरून पिकं (कापडातले आडवे धागे), पिकांवरून मीटर. एवढं आमच्या आवाक्यातलं आहे. पण मजुरी मीटरवर ठरते, त्यामुळे तो आकडा विणकरालाही तिथल्या तिथे दिसला पाहिजे. फक्त शेठच्या मोबाइलवर दिसला तर पहिल्याच आठवड्यात भांडण.

साताऱ्याची क्वालिटीवाली

प्लॅनरसाहेब, महिनाभराच्या नोंदीवर सगळं ठरवायला माझा विरोध आहे. ती नोंद मशिनपुरती झाली. आमच्या एमआयडीसीत असे कारखाने मला माहीत आहेत जिथे सगळे सीएनसी प्रोग्रॅम एकाच सेटरच्या पेन ड्राइव्हवर आहेत. तो सुट्टीवर गेला की नवा जॉब लागत नाही. तुमच्या रजिस्टरमध्ये हे कुठे दिसणार? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. त्यानंतर किती जणांनी प्रोग्रॅम, ड्रॉइंग आणि हिशोबाची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवली? हे विचारायला बाहेरचा, ठरलेली यादी घेऊन येणारा माणूसच लागतो. घरच्या माणसाला ते रोजचंच वाटतं.

खर्चाचं म्हणाल तर २०२२ पासूनच्या नव्या झेड (लघुउद्योगांच्या दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या केंद्राच्या) योजनेत कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पातळ्या आहेत. त्या प्रमाणपत्राच्या खर्चावर सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के अनुदान ठेवलंय. ती काही डिजिटल तयारीची तपासणी नाही, पण कांस्यच्या निमित्ताने कागदपत्रं तरी जागेवर येतात. सुरुवात तिथून करा.

कुपवाडचा जॉबवर्कवाला

पेन ड्राइव्हचा मुद्दा बरोबर आहे, ताई. एका मशिनची नोंद कागदावर ठेवायलाही मला खर्च नाही, तेवढं करतो, आणि मास्तर म्हणतात तसं माल नसल्याचा रकानाही घालतो.

पण ते आकडे मी ग्राहकाला दाखवणार नाही. आता काही कंपन्या मशिनचा डेटा थेट मागायला लागल्यात. चार मिनिटांचा जॉब साडेतीनवर आणला की पुढच्या वाटाघाटीत त्या अर्ध्या मिनिटाचे पैसे दरातून कापले जाणार. मेहनत आमची, टूलचा खर्च आमचा आणि बचत त्यांची. प्लॅनरसाहेब, तुमच्या तपासणीत डेटा कोणाच्या मालकीचा हे कुठे येतं ते सांगा, मग सेन्सरचं बोलू.