रेटिनाला चीर, लेझर झालंय, घरचे लांब आहेत: अनुभव आणि सल्ला हवा आहे

मंडळी, मदत हवी आहे. डोळ्याचं दुखणं निघालंय आणि मी एकटी राहते. घरचे विमानानेच येऊ शकतील इतके लांब. उपचार सुरू झालेत, डॉक्टरांवर माझा विश्वास आहे, त्यामुळे कुणाला दाखवू हा प्रश्न नाही. प्रश्न त्यापुढचे आहेत. पण काय झालं ते नीट सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल आणि ज्यांना जाड भिंगांचा चष्मा आहे त्यांच्याही उपयोगी पडेल.

शाळेपासून चष्मा. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे आठच्या पुढे. वय चाळिशीच्या अलीकडे. काही आठवड्यांपूर्वी अंधारात मान वळवली की उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेला उजेडाची कमान चमकायला लागली. क्षणभरच, पण दर वेळी त्याच जागी. थकवा असेल म्हणून झोपले. सकाळी त्या डोळ्यासमोर बारीक काळ्या ठिपक्यांचा पुंजका होता आणि एक मोठं, अर्धवट तुटलेलं कडं. डोळा फिरवला की कडं मागून यायचं आणि थांबला की थोडं पुढे जाऊन थांबायचं. एखाद-दुसरा तरंगता ठिपका मला वर्षानुवर्षं दिसतो, हे वेगळं होतं.

दुखत मात्र अजिबात नव्हतं. हे मुद्दाम लिहिते, कारण दुखत नाही म्हणून माणसं थांबतात. रेटिनाला, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याला, वेदना कळतच नाही, तिला फक्त उजेड कळतो. त्यामुळे ती ओढली गेली तरी आपल्याला उजेडच दिसतो.

त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरांनी पाहिलं. बाहुली मोठी करणारे थेंब घातले, डोक्याला दिवा बांधून हातात भिंग धरलं आणि पापणीवरून एका छोट्या दांडीने डोळा दाबत दाबत सगळ्या कडा तपासल्या. वर बघा, आता वर उजवीकडे, आता नुसतं उजवीकडे, असं बराच वेळ चाललं. उजव्या डोळ्यात वरच्या बाहेरच्या भागात चीर निघाली. घोड्याच्या नालेच्या आकाराची असते म्हणून तिला तेच नाव आहे. डाव्या डोळ्यात चीर नाही, पण लॅटिस आहे, म्हणजे कडेचा पडदा काही जागी विरलेला आहे.

मला समजलं ते असं. डोळ्याच्या आत विट्रियस नावाचा पारदर्शक गर असतो, बहुतेक पाणीच. वयानुसार तो पातळ होतो, आक्रसतो आणि मागच्या पडद्यापासून सुटतो. हे बहुतेक सगळ्यांचंच होतं, मोठ्या नंबरवाल्यांचं जरा लवकर, आणि बहुतेकांना त्यातून काही इजा होत नाही. पण गर पडद्याला जिथे घट्ट चिकटलेला असतो तिथे सुटताना पडदाच फाटतो. मग त्या चिरेतून पाणी पडद्यामागे शिरतं आणि ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटत जातो. चीर वरच्या भागात असेल तर पाणी खाली उतरतं, म्हणून पडदा मधल्या भागापर्यंत लवकर सुटू शकतो. मधला भाग, मॅक्युला, जागेवर असतानाच उपचार झाले तर नजर चांगली राहण्याची शक्यता बरीच जास्त.

माझ्या चिरेभोवती अगदी थोडं पाणी होतं. त्याच दुपारी लेझर केलं. डोळ्यावर भिंग टेकवून हिरव्या उजेडाचे झपाटे, कुठे कुठे कपाळात कळ जाते, पण सोसण्यासारखी. लेझरने चीर शिवली जात नाही. तिच्याभोवती डागण्यांचं कुंपण घातलं जातं आणि त्या डागण्यांचा व्रण धरला की पडदा तिथे चिकटून राहतो. व्रण पक्का व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. अशी लक्षणं देणारी चीर तशीच सोडली तर निम्म्या किंवा जास्त रुग्णांचा पडदा सुटतो, वेळेवर लेझर झालं तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली येतं, असं डॉक्टर म्हणाले. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ज्यूल गोनँ या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीर बंद केली की पडदा परत बसतो हे दाखवून दिलं. त्याआधी पडदा सुटला की डोळा गेला असंच धरून चालायचे. हे वाचून मला फार धीर आला, खरंच.

पहिली फेरतपासणी झाली आहे. कुंपण धरतंय, पाणी वाढलेलं नाही. पुढची लवकरच आहे. आता प्रश्न.

पहिला प्रश्न सततच्या तपासणीचा. डॉक्टरांनी नियम घालून दिला आहे: रोज सकाळी एकदा, एक डोळा झाकून दुसऱ्याने साध्या भिंतीकडे सरळ बघायचं आणि मग उलट. कडेने सावली किंवा पडदा सरकल्यासारखं वाटलं, ठिपक्यांचा नवा पुंजका आला किंवा चमकणं एकदम वाढलं, तर त्याच दिवशी यायचं. सकाळी एकदा. मी मात्र लिफ्टमध्ये करते, मीटिंगमध्ये हनुवटीवर हात ठेवल्यासारखं दाखवून करते, रात्री जाग आली की करते. आणि रात्री तर चमक दिसतेच, कारण ओढ अजून पूर्ण गेलेली नाही, काही आठवडे किंवा महिनेही ती दिसू शकते. मग जुनी चमक कुठली आणि नवी कुठली? एक वही केली आहे. रोज सकाळी त्यात एक गोल काढायचा आणि ठिपके जिथे दिसतील तिथे मांडायचे. कडं कालच्याच जागी आहे, खालचे तीन ठिपके पुसट झाले, असं काही. वही मिटली की तासभर बरं वाटतं. घरात दुसरं माणूस असतं तर "मला सावली दिसतेय का गं, की मान तिरकी आहे म्हणून?" एवढं तरी विचारता आलं असतं. या काळातून गेलेल्यांनी मन कसं आवरलं?

दुसरा प्रश्न ऑपरेशन लागलंच तर. यात सगळ्यात अवघड मुद्दा लांब राहण्याचा आहे, आणि तो मला आधी माहीतच नव्हता. पडदा सुटला तर बऱ्याचदा डोळ्यातला गर काढून आत वायू भरतात. वायूचा बुडबुडा पडदा आतून दाबून धरतो आणि नंतर आपोआप विरतो, कुठला वायू आहे त्यावर दोन-तीन आठवडे किंवा दोन महिन्यांपर्यंत. बुडबुडा आत असेपर्यंत विमान पूर्ण वर्ज्य. उंचीवर हवेचा दाब कमी झाला की वायू फुगतो, डोळ्यातला दाब प्रचंड वाढतो आणि नजर कायमची जाऊ शकते. उंच घाटातही जायचं नाही. दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची वेळ आली तर नायट्रस ऑक्साइड चालत नाही, म्हणून मनगटावर पट्टा बांधून देतात. वायूऐवजी सिलिकॉन तेल भरलं तर विमान चालतं, पण ते काढायला बहुतेक वेळा दुसरं ऑपरेशन लागतं.

थोडक्यात, ऑपरेशन झालं की मी जिथे असेन तिथेच अडकणार. आता घरी गेले आणि तिथे पडदा सुटला तर नोकरी इथे आणि मी तिथे. इथेच थांबले आणि इथे सुटला तर माणसांना तिकडून यावं लागेल. लेझरनंतर विमानाने जायला डॉक्टरांची हरकत नाही, आत वायू नाहीच. पण पहिले काही आठवडे त्यांच्या आवाक्यात राहावं असं त्यांचं मत आहे आणि मला ते पटतं.

ऑपरेशननंतर काही जणांना कित्येक दिवस पालथं राहावं लागतं. माझी चीर वरच्या भागात असल्यामुळे कदाचित डोकं सरळ ठेवून बसणं पुरेल, कारण बुडबुडा वरच चढतो. तरी त्या डोळ्याला जवळजवळ काही दिसणार नाही, दिवसातून अनेकदा थेंब घालायचे, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, ओझं उचलायचं नाही. आणि कामाचा डोळा एकच, तोही लॅटिसवाला. हे कुणी एकट्याने निभावलंय का? पैसे देऊन मदतनीस ठेवला की मैत्रिणींनी पाळ्या लावल्या? रात्री झोपेत कूस कशी सांभाळली?

तिसरा प्रश्न घरी सांगण्याचा. आईला रक्तदाबाचा त्रास आहे, बाबा नुकतेच आजारातून उठलेत. सगळं आटोक्यात आलं की मग सांगावं असा माझा विचार होता. पण डॉक्टरांनी विचारलं की घरात कुणाचा पडदा सुटला होता का, आणि मला उत्तर देता आलं नाही. मोठा नंबर आणि लॅटिस दोन्ही घराण्यात चालू शकतात. धाकट्या बहिणीलाही उणे सहा आहे. म्हणजे घरी विचारायला तर हवंच, आणि विचारलं की आईला कळणारच. लांबून सांगताना तुम्ही कशी सुरुवात केलीत? फोनवर की व्हिडिओवर? आधी बहिणीला की सगळ्यांना एकदम?

नंतर लिहिलेलं:

इतक्या लोकांनी लिहिलंत, व्यक्तिगत निरोप पाठवलेत, सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाला उत्तर देतेच आहे, पण स्क्रीनसमोर फार वेळ बसवत नाही. (स्क्रीनमुळे चीर वाढत नाही असं डॉक्टर म्हणालेत. ठिपके पांढऱ्या पानावर जास्त जाणवतात, एवढंच. पार्श्वभूमी काळी केल्याने फरक पडला, ज्यांनी सुचवलं त्यांचे आभार.)

घरी सांगितलं. आधी बहिणीला सांगून तिला आई-बाबांच्या शेजारी बसवलं आणि मग व्हिडिओ कॉल केला. सुरुवातच "लेझर झालंय, पडदा जागेवर आहे, मला दिसतंय" अशी केली, जे तुमच्यापैकी दोघांनी सुचवलं होतं. आई काही वेळ बोललीच नाही. मग विचारलंन, "कुठल्या कुशीवर झोपतेस?" बाबांनी डॉक्टरांचा कागद वाचायला मागितला आणि दोनदा वाचला.

मग मामाचं निघालं. मोठ्या मामाला एका डोळ्याने दिसत नाही हे आम्हाला माहीत होतं. लहानपणी पडला म्हणून, असं आम्ही धरून चाललो होतो. आई म्हणाली, पडला-बिडला काही नव्हता, तरुणपणी पडदा सुटला होता आणि दुखत नाही म्हणून दाखवायला उशीर झाला. ही माहिती माझ्या डॉक्टरांना कळवली. डाव्या डोळ्याबद्दल ते आता जास्त सावध आहेत. सरसकट लेझर लगेच करायचं नाही, पण तपासण्या जवळ जवळच्या. बहिणीने तिकडे थेंब घालून रेटिना तपासून घेतली. तिलाही लॅटिस आहे, भोक किंवा चीर नाही, सध्या लेझर नको, वर्षातून एकदा दाखवायचं आणि लक्षणं दिसली तर लगेच.

ज्यांचा नंबर मोठा आहे त्यांना माझी कळकळीची विनंती: चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं म्हणजे रेटिनाची तपासणी नव्हे. बाहुली मोठी करून कडा बघून घ्या. त्या दिवशी गाडी चालवता येत नाही, काही तास जवळचं धूसर दिसतं, ऊन टोचतं. तेवढं सोसा.

तपासणीचा नाद थोडा कमी झालाय. एका ताईंनी सुचवलं तसं करते: सकाळी गोल काढला की वहीचा फोटो बहिणीला पाठवायचा. ती "पाहिलं" म्हणून कळवते आणि मग उद्या सकाळपर्यंत मी डोळा झाकायचा नाही. रोज पाळलं जात नाही, पण बऱ्याचदा जातं.

ऑपरेशन लागलंच तर आई येणार असं घरात ठरलंय. तिचे कागद आणि औषधं तयार ठेवलीत, पण निघून पोचेपर्यंत निदान दोन-तीन दिवस जातील आणि पडदा सुटला तर तितकं थांबता येणार नाही. म्हणून अजून एक विचारायचं राहिलं आहे. ऑपरेशननंतरचे अगदी पहिले दोन-तीन दिवस, घरचं माणूस पोचायच्या आधी, तुम्ही कसे काढलेत? थेंबांच्या वेळा कशा लक्षात ठेवल्यात, बाटल्या ओळखायला काय केलंत, रात्री कुणाला सोबतीला बोलावलंत? जे केलंत ते बारीकसारीक का असेना, लिहा. मी ते सगळं त्याच वहीच्या मागच्या पानांवर उतरवून ठेवते आहे.