मदत हवी आहे: १८२८ च्या क्लेअर पोटनिवडणुकीतल्या मतदारांना मराठीत काय म्हणावं?

आयर्लंडमधल्या क्लेअरच्या १८२८ च्या पोटनिवडणुकीवर लेख लिहितेय. तिथले खासदार व्हेसी-फिट्झजेराल्ड यांना मंत्रिपद मिळालं, त्यामुळे तेव्हाच्या नियमानुसार जागा रिकामी होऊन त्यांना पुन्हा निवडून यावं लागणार होतं. समोर डॅनियल ओ'कॉनेल उभे राहिले, कॅथलिक असल्याने संसदेत बसता येणार नाही हे माहीत असूनही, आणि २०५७ विरुद्ध ९८२ मतांनी जिंकले.

अडलंय ते 'फॉर्टी-शिलिंग फ्रीहोल्डर' या शब्दापाशी, म्हणजे हयातीच्या पट्ट्यावरची जमीन वर्षाला किमान चाळीस शिलिंग (२ पौंड) मोलाची असल्याने मत मिळालेला छोटा शेतकरी. मतदान उघड, तोंडी. जमीनदारादेखत त्याच्याविरुद्ध नाव उच्चारणारी ही माणसं, लेखाचा जीवच ती आहेत. (१८२९ मध्ये कॅथलिकांना संसद खुली झाली, पण मताधिकाराची मर्यादा चाळीस शिलिंगांवरून १० पौंडांवर नेऊन यांचं मत काढून घेतलं. फार लागतं मनाला.)

'कूळ' लिहिलं तर दरसालचा कसणाराही त्यात येतो, त्याला मत नव्हतं. 'जमीनमालक' तर उघड चूक, हे जमीनदाराला खंड भरत. पट्टा बहुधा तीन माणसांच्या हयातीचा. त्यातलं शेवटचं माणूस गेलं की संपला. 'मिरासदार' जवळचा वाटला, पण मिरास वंशपरंपरागत, हा पट्टा तसा नाही.

तळटीप देता येणार नाही, वाचक शाळकरी मुलंही आहेत, शब्द दहाबारा वेळा येणार. 'हयात-पट्टेदार' चालेल का, की आपल्या जुन्या महसुली कागदांत अशा हयातीपुरत्या धारकाला आधीच एखादा शब्द आहे?