भाडेकरूला फॉस्टर पालक व्हायचंय, घरमालकाने संमती द्यावी का?

धागाकर्ता: माझ्याकडचं जोडपं भाडं वेळेवर देतं, तक्रार काही नाही. आता त्यांना फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे आई-वडिलांकडे राहू न शकणारं मूल काही काळ स्वतःच्या घरी, सांभाळायचंय आणि माझं संमतिपत्र हवंय. माझा कल नकाराकडे आहे. करारात दोघांचीच नावं आहेत, उद्या तीन मुलं आली तर? मोडतोड कोण भरून देणार?

सायली: मुलं किती आणि कोणत्या वयाची, हे फॉस्टर पालकांना मिळणाऱ्या मंजुरीतच ठरतं. तोच आकडा करारात पुरवणी म्हणून घाला. मोडतोडीची जबाबदारी करारावर सही करणाऱ्याची, मूल पोटचं असो वा नसो. त्यांना स्वतःचं बाळ होणार असतं तर तुम्ही अडवलं असतं का? अमेरिकेच्या फेअर हाउसिंग कायद्यात (घर देताना भेदभाव रोखणारा कायदा) १९८८ च्या दुरुस्तीनुसार मुलं आहेत म्हणून घर नाकारता येत नाही. मुलाचा कायदेशीर ताबा मिळवण्याच्या प्रक्रियेत असलेल्यांनाही ते संरक्षण आहे.

जुना घरमालक: त्याच कायद्यात, मालक स्वतः राहतो अशा चारपर्यंत घरांच्या इमारतीला सूट आहे, तेही सांगा. पोटच्या मुलासाठी कोणी घर तपासायला येत नाही. फॉस्टर मुलासाठी येतात. बाल्कनीचा कठडा, खिडक्या, धुराचा अलार्म, सगळं बघतात. त्रुटी निघाली की खर्च मालकाच्या माथी. घर माझं, जोखीम माझी, तर नकाराचा हक्कही माझाच.

सायली: कठड्याच्या गजांतून लहान मुलाचं डोकं अडकेल एवढी फट असेल, तर ती आजही धोक्याचीच आहे. पाहणीने फक्त दाखवून दिली. ती दुरुस्ती मालकाने करावी. औषधांच्या कपाटाचं कुलूप भाडेकरूने आणावं. मला काळजी मुदतीची वाटते. ही मुलं आधीच एक घर सोडून आलेली असतात. मूल रुळतंय तोवर घर खाली करा म्हटलं, तर त्याचं अंथरूण, शाळा, ओळखीची माणसं, सगळं पुन्हा सुटू शकतं. घर विकायचा विचार असेल तर सही करण्याआधी स्पष्ट सांगा.

धागाकर्ता: विकायचं नाही. मुदत वाढवून द्यायलाही तयार आहे. संख्या लेखी घेईन, कठडा मी करून देईन. पण फॉस्टर मूल ठेवण्याबद्दल घराच्या विमा कंपनीचं लेखी उत्तर येईपर्यंत सही नाही.

जुना घरमालक: विम्याचं बरोबर. कठड्याचा खर्च मात्र निम्मा त्यांच्याकडून घ्या.

सायली: घेऊ नका. ते गेल्यावर कठडा तुमच्याच घराला राहणार आहे. आणि विमा कंपनीला आजच विचारा, नाहीतर तिकडे त्यांची मंजुरी अडून राहील.