खुब्याच्या सांध्यात पू : दोन टप्प्यांची शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक आहे का?

महालकर (प्रश्न)
माझे थोरले बंधू ५४ वर्षांचे असून त्यांना अनेक वर्षांपासून मधुमेह आहे. दोन महिन्यांपूर्वी त्यांचा उजवा खुबा दुखू लागला, ताप आला आणि पाय टेकवणेही अशक्य झाले. कंबरेतील नस दबली असावी, असे समजून नऊ दिवस वेदनाशामक आणि लेव्होफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या गेल्या. पुढे सोनोग्राफीत सांध्यात पाणी दिसले, सुईने पू निघाला आणि त्याच रात्री सांधा उघडून धुतला. मात्र कल्चरमध्ये (पुवातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीत) काहीही उगवले नाही. आता एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाचा गोळा झिजलेला दिसतो आणि अधूनमधून तापही येतो. गोळा काढून औषधमिश्रित सिमेंटचा स्पेसर (तात्पुरता सांधा) बसवावा आणि काही आठवड्यांनी कृत्रिम सांधा बसवावा, असा सल्ला मिळाला आहे. एकाच वेळी नवा सांधा का बसवत नाहीत? सहा आठवडे शिरेतूनच इंजेक्शने द्यावी लागतात का? वहिनी फार खचल्या आहेत, म्हणून हे विचारत आहे.

अस्थिरोगतज्ज्ञ, रामदासपेठ
आपल्या बंधूंना मिळालेला सल्ला मला योग्य वाटतो. जिवाणू धातूच्या पृष्ठभागावर चिकटले की स्वतःभोवती एक थर तयार करतात आणि त्या थराआड प्रतिजैविकांचा प्रभाव फारच कमी पडतो. त्यामुळे जंतुसंसर्ग धुमसत असताना बसवलेला सांधा पुन्हा काढावा लागण्याचा धोका मोठा असतो. स्पेसरच्या सिमेंटमध्ये बहुधा व्हँकोमायसिन किंवा जेंटामायसिन मिसळलेले असते. ते औषध थेट सांध्यात झिरपत राहते, शिवाय पाय आखूड होऊन स्नायू आकसत नाहीत. दोन टप्प्यांत साधारण ६ ते १२ आठवड्यांचे अंतर ठेवतात, परंतु दिनदर्शिकेपेक्षा जखमेची स्थिती आणि सीआरपी (रक्तातील दाह दाखवणारा घटक) उतरला की नाही हे अधिक महत्त्वाचे. ईएसआर ही दाहाचीच दुसरी रक्ततपासणी, तिचा आकडा उशिरा उतरतो, तेवढ्यावरून घाबरू नये. संसर्ग पूर्ण शमलेला असेल तर काही शल्यविशारद एकाच टप्प्यात सांधा बसवतात. ताप असलेल्या मधुमेही रुग्णात, तेही जंतू माहीत नसताना, मी तसे करणार नाही.

माझी खरी चिंता कल्चरची आहे. प्रौढांमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सर्वांत जास्त आढळतो, पण नमुना घेण्याआधी प्रतिजैविक पोटात गेले की तो प्रयोगशाळेत उगवेलच असे नाही. लेव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूंनाही दाबते, त्यामुळे क्षयाचे निदान लांबू शकते. म्हणून पहिल्या टप्प्यात सांध्याच्या अस्तराचे आणि हाडाचे तीन ते पाच वेगवेगळे तुकडे घ्यावेत आणि ते साध्या कल्चरसोबत सीबीनॅट (क्षयाच्या जंतूंची जनुकीय चाचणी), क्षयाचे द्रव कल्चर व बायॉप्सी यांसाठी पाठवावेत, असा आग्रह धरा. द्रव कल्चरचा अहवाल नकारार्थी म्हणण्यास सहा आठवडे लागतात. क्षय निघाला तर उपचार वर्षभर किंवा त्याहून अधिक चालतात आणि सगळी आखणी बदलते. प्रकृती स्थिर असल्यास नमुन्यापूर्वी सुमारे दोन आठवडे प्रतिजैविके थांबवता येतात, मात्र हा निर्णय सर्वस्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच असावा.

इंजेक्शनांबद्दल : २०१९ साली ब्रिटनमधील ओव्हिव्हा चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हाडा-सांध्यांचा संसर्ग असलेल्या हजारांहून अधिक रुग्णांपैकी ज्यांना शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभरात तोंडावाटे औषधे सुरू केली, त्यांची वर्षभरानंतरची स्थिती शिरेतून औषध घेणाऱ्यांपेक्षा वाईट नव्हती. अर्थात त्यासाठी योग्य औषध निवडता यावे लागते आणि ते जंतू ओळखल्यावरच नीट जमते.

गडचिरोलीची ताई
माझ्या धाकट्या बहिणीला सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे. तिचा खुबा दुखू लागला तेव्हा रक्तपुरवठा बंद होऊन हाड मृत झाले की आत पू झाला, हे पहिले काही दिवस कोणालाच ठरवता येईना, कारण ताप आणि वेदना दोन्हींत असतात. अखेर सुईने पाणी काढून तपासल्यावरच उलगडा झाला. आपल्या विदर्भात हा आजार पुष्कळ घरांत आहे, म्हणून खुब्याच्या दुखण्यात सिकलसेलची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. अशा रुग्णांच्या हाडांत साल्मोनेला जंतूही सापडतो.

हिंगण्याचा रहिवासी
मी स्वतः चार वर्षांपूर्वी स्पेसरवर अडीच महिने काढले आहेत. त्या काळात त्या पायावर पूर्ण भार देण्याची परवानगी नव्हती. वॉकर, उंच केलेला कमोड आणि दोन्ही पायांमध्ये उशी घेऊन झोपणे एवढ्यावर दिवस जात. पाट घेऊन जमिनीवर जेवायला बसणे मात्र कायमचे सुटले, आणि ते घरातल्यांनी आधीच मान्य केलेले बरे. माझी शस्त्रक्रिया साखर आटोक्यात येईपर्यंत पुढे ढकलली होती, म्हणून बंधूंच्या जेवणाकडे आजपासूनच लक्ष द्या. व्हँकोमायसिन चालू असताना दर आठवड्याला क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कार्याची रक्ततपासणी) तपासत असत. खर्चासाठी रुग्णालयातील आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल दाखल होण्यापूर्वीच विचारा.

महालकर
आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. नमुन्यांचा मुद्दा मी कागदावर लिहून घेतला असून उद्या डॉक्टरांसमोर ठेवणार आहे. आमच्या आजीला मणक्याचा क्षय झाला होता, ही गोष्ट आजवर आम्ही कोणालाही सांगितली नव्हती, तीही सांगेन.