शब्दचर्चा : ‘मीड हॉल’ला मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ती : ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी वीरकाव्यातल्या काही ओळी मराठीत आणते आहे. डेन लोकांचा राजा ह्रोथगार याच्या हेओरोत या मीड हॉलशी, म्हणजे मीड पिण्याच्या आणि मेजवान्यांच्या दालनाशी, अडलेय. ‘मद्यशाला’ लिहिलं तर गुत्ता वाटतो, ‘मधुशाला’ म्हटलं की हिंदी कविताच ऐकू येते. काही सुचतंय?

प्रतिसाद : ‘मद्य’ नकोच. ते ‘मद्’ धातूवरून आलेलं. मीड म्हणजे मध आंबवून केलेलं पेय. जुन्या इंग्रजीत ‘मेदु’, आणि आपलं ‘मधु’ त्याच कुळातलं. सख्खं नातं असताना सोडायचं कशाला? ‘मधुसदन’ कसं वाटतं?

प्रतिसाद : घाईत वाचणारा ‘मधुसूदन’ वाचेल! ‘दरबार’ का नको?

प्रतिसाद : दरबार संपला की माणसं घरी जातात. इथे जेवण उरकलं की बाकं बाजूला सारून योद्धे तिथेच अंथरुणं टाकतात. राजा सोन्याची कडी आणि शस्त्रं वाटतो तेही इथेच. राणी वेआल्थेओव पेला आधी राजाला देते, मग इतरांकडे नेते. मानपान त्यातून कळतो. शाहीर गातो, आणि त्याच आवाजानं बाहेरचा ग्रेंडेल हा राक्षस पिसाळतो. त्याच्या धाडींमुळे हेओरोत 12 वर्षं रात्रीचं ओस पडतं. म्हणजे छप्पर शाबूत, पण राज्याची नाचक्की.

पेयाचं ऋण किती मोठं, ते ‘गोदोदिन’ या जुन्या वेल्श काव्यात दिसतं. 300 योद्धे वर्षभर राजाकडे मीड पितात, मग कात्रायथच्या लढाईत जवळजवळ सगळे मरतात. कवी म्हणतो, ते मीडच त्यांना विष झालं. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात, हे प्यायल्या मधाला जागले.

प्रतिसाद : मग ‘मधुसभा’ घ्या. संस्कृतात ‘सभा’ म्हणजे जमलेली माणसं आणि वास्तूही. मयसभा आठवा.

धागाकर्ती : हे पटलं! काव्याच्या आरंभीच शिल्ड राजाचा पराक्रम सांगताना त्यानं शत्रूंची मीडची बाकं हिरावली, असं म्हटलंय. बाक गेलं की राज्य गेलं. माझी ओळ आता अशी : ‘कित्येक टोळ्यांची मधुसभेतली आसनं त्यानं हिसकावली.’ खरं तर ‘बाकं’च लिहायचं होतं, पण बाक म्हटलं की शाळेचा वर्ग डोळ्यांपुढे येतो.